रविवार सोडून उरलेले सहा दिवस

रविवारी देवळात पाळक काय करतो ते सगळ्यांना दिसतं. उपासना चालवतो, उपदेश करतो, कधी एखाद्या बाळाचा बाप्तिस्मा असतो, कधी प्रभुभोजन. दीड-दोन तासांत मंडळी आपापल्या घरी जातात. मग सोमवारी सकाळी पाळक करतो काय? किराणा दुकानदाराबद्दल किंवा शाळामास्तराबद्दल असा प्रश्न कुणाला पडत नाही, कारण त्यांचं काम रोज डोळ्यांसमोर चाललेलं असतं. पाळकाचं मात्र आठवड्यातून एकदाच दिसतं.

आता हा पाळक सातासमुद्रापलीकडून आलेला आहे असं धरा. सोबत बायको आहे. दोघांना इथली भाषा येत नाही, जेवण सोसत नाही, ऊन तर मुळीच नाही. आणि मंडळी एका गावात नाही, दहा-वीस गावांत विखुरलेली आहे. मग ही दोघं सोमवार ते शनिवार काय करत असतील?

एकोणिसाव्या शतकात नगर जिल्ह्यातल्या खेड्यापाड्यांत हा प्रश्न अनेकांच्या मनात आला असणार. नगरहून छत्रपती संभाजीनगरकडे जाणाऱ्या रस्त्यावर नेवासे तालुक्यात वडाळा नावाचं गाव आहे. १८५०च्या दशकाच्या अखेरीपासून सॅम्युएल आणि मेरी फेअरबँक हे अमेरिकन जोडपं कितीतरी वर्षं तिथे राहिलं. ते होते 'अमेरिकन मराठी मिशन'चे. या मिशनचे पहिले लोक, गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट, १८१३ मध्ये मुंबईला उतरले. १८३१च्या अखेरीस मिशनने नगरला ठाणं केलं आणि तिथून ते आसपासच्या गावांत पसरत गेलं. वडाळा, राहुरी, शिरूर अशा ठाण्यांवर एकेक जोडपं राहायचं. त्यांचा दिनक्रम उलगडून पाहिला, की असं ठाणं नेमकं कशावर चालायचं ते कळतं.

पगार एकाचा, काम दोघांचं

मिशनची मुख्य संस्था बोस्टनला होती: १८१० मध्ये स्थापन झालेलं 'अमेरिकन बोर्ड'. दूरदेशी पाठवायचा माणूस विवाहित असावा, याकडे बोर्डाचा कल होता. त्यामुळे एक गमतीची गोष्ट घडायची. ठरवून केलेल्या लग्नांची परंपरा आपली, असं आपण समजतो. पण मिशनरी व्हायला निघालेल्या अमेरिकन तरुणाचं लग्नही पुष्कळदा असंच, ओळखीपाळखीतून स्थळ काढून, जहाज सुटायच्या थोडंच आधी उरकलेलं असायचं. मुलीही डोळे उघडे ठेवून होकार द्यायच्या. मिशनरी होण्याची इच्छा असलेल्या बहुतेक बायकांना त्या काळी तीच वाट मोकळी होती. एकटीने परदेशी जाणारी सिंथिया फॅरार विरळाच. ती १८२७ मध्ये मुंबईला आली, पुढे नगरला गेली, आणि तिची नगरची मुलींची शाळा पाहून जोतीराव फुले प्रभावित झाले.

जोडपंच हवं, यामागे हिशेब होता. पुरुष मिशनरी चावडीवर, बाजारात, जत्रेत बोलू शकतो. पण घराच्या आत, चुलीपर्यंत, त्याला कोण येऊ देणार? गावाच्या निम्म्या माणसांशी त्याची गाठच पडणार नाही. तिथे त्याची बायको जाऊ शकायची. म्हणजे बायको ही सोबतीण नव्हती, कामाचा अर्धा भाग होती. तरी बोर्डाच्या यादीत तिच्यापुढे 'सहायक मिशनरी' असं लिहिलेलं असायचं आणि तिला वेगळा पगार नसायचा. मिळायचं ते कुटुंबाच्या गरजेचा अंदाज घेऊन: सड्याला कमी, विवाहिताला जास्त, मूल झालं की त्याच्यापुरती भर. शेतकऱ्याच्या घरी सातबारा एकाच्या नावावर असतो आणि खुरपायला दोघं जातात, तसाच हा प्रकार.

आधी जीभ वळवायची

नव्याने आलेल्या जोडप्याचं पहिलं वर्ष-दीड वर्ष तर मंडळी सांभाळण्यात जायचंच नाही. ते मराठी शिकण्यात जायचं. सकाळी पंडित यायचे, समोर बसून वाचून घ्यायचे, चुका काढायचे. हाताशी मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश असायचा. तो पहिल्यांदा १८३१ मध्ये निघाला आणि १८५७ मध्ये वाढवलेल्या रूपात पुन्हा आला.

इंग्रजी बोलणाऱ्याला मराठीत खरी अडचण येते ती जिभेची. त्याच्या कानाला 'त' आणि 'ट' सारखेच, 'द' आणि 'ड' सारखेच. 'ताट' म्हणायला जावं तर 'टाट' निघतं. 'बात' आणि 'भात' यांत केवळ एका श्वासाचा फरक, तो त्याला ऐकूच येत नाही. आणि 'ळ' तर त्याच्या भाषेत नाहीच. लहान मूल हे सगळं ऐकता ऐकता उचलतं. तिशीच्या माणसाला जीभ टाळ्याला लावून पुन्हा पुन्हा घोकावं लागतं.

दुसरी अडचण अधिक खोल होती. शिकवणारे पंडित बहुतेक ब्राह्मण. त्यांची मराठी ग्रंथांची, संस्कृत शब्दांनी भरलेली. पुढे ज्यांच्याशी बोलायचं ते बहुसंख्य लोक महार आणि मांग वस्तीतले. त्यांची बोली शेतावरची, गावकीची. म्हणजे साहेब दीड वर्ष घाम गाळून जी भाषा शिकला, ती त्याच्या मंडळीची नव्हतीच. त्याचा उपदेश व्याकरणाला धरून असायचा, पण समोरच्यांपैकी कितीजणांपर्यंत पोचायचा?

इथे घरातल्या व्यवहारांची मदत व्हायची. स्वयंपाकी, पाणी भरणारा, मुलांना सांभाळणारी आया, दारावर अंडी विकायला येणारी बाई यांच्याशी पुस्तकी मराठीत बोलून भागत नाही. 'पाणी तापवायला ठेव' हे वाक्य पंडितांच्या पाठात नसेल, पण घरात रोज दहा वेळा लागतं. अशी रोजच्या वापरातली मराठी घरातल्या बाईच्या तोंडी आधी बसायची. आणि मुलांच्या तोंडी तर सगळ्यांच्या आधी. मेरी फेअरबँक तर नगरच्याच हेन्री बॅलंटाइन या मिशनऱ्याची मुलगी. मराठी तिच्या कानावर लहानपणापासून पडलेली होती.

चाकाचा तुंबा आणि आरे

भाषा आली. आता दोन माणसांनी दहा-वीस गावं सांभाळायची कशी? बैलगाडीचं चाक डोळ्यांसमोर आणा. मधोमध तुंबा, त्यातून निघणारे आरे, बाहेरून गोल पाटे आणि त्यांना आवळून बसवलेली लोखंडी धाव. रस्त्याला टेकते ती धाव. तुंबा कधीच टेकत नाही. पण आरे खोचलेले असतात तुंब्यात.

मिशनचं ठाणं म्हणजे तुंबा. आरे म्हणजे गावोगावी नेमलेले शिक्षक. हा शिक्षक बहुधा ख्रिस्ती झालेला स्थानिक तरुण. तो दिवसा महारवाड्यात शाळा चालवायचा, संध्याकाळी शास्त्रपाठ आणि प्रार्थना घ्यायचा, आजाऱ्याची खबर ठेवायचा आणि गावात काही घडलं की ठाण्यावर कळवायचा. आठवड्याच्या सहा दिवसांत गावाशी प्रत्यक्ष संबंध त्याचाच. साहेब महिन्या-दोन महिन्यांनी फेरीला जाणार, मुलांची परीक्षा घेणार, हजेरीपट पाहणार.

बायबलबाई हा असाच, पण कमी नजरेत येणारा आरा. वाचायला शिकलेल्या, बहुधा मध्यम वयाच्या या बाया घरोघर जायच्या, अंगणात बसून वाचून दाखवायच्या, मुलींना अक्षरओळख करून द्यायच्या. त्यांना शिकवणं, आठवड्याचं काम वाटून देणं आणि नंतर त्यांच्याकडून ऐकून घेणं हा मडमसाहेबांच्या आठवड्यातला मोठा भाग. एका जोडप्याचं काम दहा गावांत दिसायचं ते या माणसांमुळे.

ओसरीवरचा दिवस

मिशनचा बंगला जाड भिंतींचा, उंच छताचा असायचा आणि त्याला चारही बाजूंनी किंवा निदान पुढून-मागून रुंद व्हरांडा. व्हरांडा उन्हाला अडवतो, हे झालं एक कारण. पण त्याचा खरा उपयोग आपल्या घरांतल्या ओसरीसारखा. ओसरी धड घर नव्हे, धड रस्ता नव्हे. तिथे कुणीही येऊ शकतं, आणि आलेल्याला घरात घेतल्याचा किंवा दाराशी ताटकळवल्याचा बोभाटा होत नाही. जातीपातीने बांधलेल्या गावात अशी मधली जागा फार कामाची. मिशनरी जोडप्याचं खरं कार्यालय हेच.

एखादा साधा दिवस कसा जायचा? ऊन चढायच्या आत घरची प्रार्थना. तिला नोकरमाणसं आणि आवारातली कुटुंबं येऊन बसायची. मग ओसरीवर औषधाला आलेले लोक: तापाला कोयनेल, पोटदुखीला एरंडेल, डोळे आलेल्याला डोळ्यांत घालायचं औषध, जखमेला पट्टी. दोघंही डॉक्टर नसायची. पण कित्येक मैलांत दवाखाना नसलेल्या ठिकाणी कोयनेलची बाटली आणि स्वच्छ फडकं एवढ्यावरही रांग लागायची. त्यानंतर बाई मुलींच्या शाळेत आणि शिवणाच्या वर्गात. साहेब शिक्षकांच्या पगाराच्या हिशेबात, पत्रांत, भाषांतरात किंवा छापखान्याच्या मुद्रितांत. फेअरबँक काही काळ मुंबईच्या मिशन छापखान्यात होते, त्यामुळे पुस्तकांचं हे काम त्यांच्या मागे कायम लागलेलं.

दुपारनंतर यायची ती भांडणं. आणि मंडळीचा खरा कारभार सगळ्यात जास्त कशात दिसायचा, तर या भांडणांत. महार कुटुंबाकडे गावकीची वतनी कामं असायची आणि त्याबद्दल बलुतं मिळायचं. आता माणूस ख्रिस्ती झाला. गावदेवीच्या जत्रेत वाजवायला जायचं की नाही? नाही गेलं तर बलुतं बुडणार. रविवारी पाटलाने कामाला बोलावलं तर? मुलीची सोयरीक लहानपणीच जुळलेली आहे आणि सासरचे ख्रिस्ती नाहीत, मग लग्न कुठल्या विधीने लावायचं? विहिरीवर पाणी भरू देत नाहीत, त्याची तक्रार कुणाकडे न्यायची? न्यू इंग्लंडच्या धर्मशास्त्र विद्यालयात यांपैकी एकाही प्रश्नाचं उत्तर शिकवलेलं नव्हतं. इथे साहेबाला बायबलइतकाच गावगाडा समजावा लागायचा, आणि तो समजावून सांगायचा स्थानिक माणूसच.

संध्याकाळ ही सभेची वेळ. दिवसभर लोक शेतावर असतात. दिवेलागणीनंतरच माणसं भेटतात. कंदील घेऊन जवळच्या वस्तीत जायचं, चावडीपाशी बसायचं, गाणं म्हणायचं, बोलायचं, परत यायचं. रविवार हा या सहा दिवसांचा टोकाचा दिवस: सकाळी शब्बाथ शाळा, मग उपासना. पादत्राणं बाहेर, बसायला जमीन, बायका एका बाजूला, पुरुष एका बाजूला.

तीन ऋतू, तीन दिनक्रम

शेतकऱ्याच्या वर्षासारखंच या जोडप्याचं वर्षही ऋतूंनी बांधलेलं होतं. पावसाळ्यात काळ्या मातीतले रस्ते बंद व्हायचे. चाकं तुंब्यापर्यंत रुतायची. मग ठाण्यावरच राहायचं: शिक्षकांचे वर्ग, लेखन, शाळा.

हिवाळा हा फिरतीचा हंगाम. राहुट्या, घडीच्या खाटा, भांडी, औषधांची पेटी, विकायची पुस्तकं बैलगाड्यांत भरून जोडपं बाहेर पडायचं. एका गावाशेजारच्या आमराईत मुक्काम, तिथून आसपासची चार-पाच गावं पायी किंवा घोड्यावर, मग पुढचा मुक्काम. पुरुष चावडीवर, बाई अंगणात. फेअरबँकांची नजर या फिरतीत पिकांवर आणि पाखरांवरही असायची. सुधारित नांगर शेतात चालवून दाखवण्याचा खटाटोप त्यांनी केला, आणि दख्खनमधल्या पक्ष्यांच्या नोंदी करून त्या छापल्या.

उन्हाळ्यात बहुतेक ठाणी काही आठवडे ओस पडायची. जोडपी महाबळेश्वरला किंवा आणखी दूर दक्षिणेतल्या पळणीच्या डोंगरांत जायची. याला चैन म्हणून नाक मुरडणारे तेव्हाही होते. पण नगरच्या कडक उन्हाळ्यात, पटकी आणि हगवणीच्या काळात, लहान मुलं जगवायची तर दुसरा उपाय ठाऊक नव्हता. आणि डोंगरावरही कामं संपत नसत. तिथे वेगवेगळ्या ठाण्यांची माणसं एकत्र येऊन बैठका घ्यायची. पाखरांवरची फेअरबँकांची नजरही तिथे हटत नसे: पळणीच्या डोंगरातल्या एका लहान गाणाऱ्या पक्ष्याला शास्त्रज्ञ ब्लॅनफर्ड यांनी १८६९ मध्ये फेअरबँकांच्या नावावरून शास्त्रीय नाव दिलं. आजही त्या नावात 'फेअरबँकी' हा शब्द आहे.

कबरी, जहाजं आणि मुलं

या दिनक्रमाची किंमत घराने मोजलेली असायची. फेअरबँकांची पहिली पत्नी ॲबी १८५२ मध्ये मुंबईत वारली. मेरीशी त्यांचं लग्न झालं १८५६ मध्ये. मेरीचे वडील हेन्री बॅलंटाइन यांनी १८४२ मध्ये नगरला 'ज्ञानोदय' हे नियतकालिक सुरू केलं, तीस वर्षं इथे काढली, आणि १८६५ मध्ये मायदेशी परतताना वाटेत समुद्रावरच त्यांचा अंत झाला. याच मिशनच्या रॉबर्ट विल्सन ह्यूम यांचंही १८५४ मध्ये तसंच झालं.

मुलांचा प्रश्न याहून अवघड. इथे ठेवावं तर शिक्षणाची सोय नाही, आजारांची भीती. तिकडे पाठवावं तर ताटातूट. सुवेझ कालवा १८६९ मध्ये खुला झाला. त्याआधी शिडाच्या जहाजाने आफ्रिकेला वळसा घालून बोस्टन ते मुंबई चार-पाच महिने लागायचे. त्या मार्गाने पाठवलेल्या पत्राचं उत्तर हातात पडेपर्यंत जवळपास वर्ष जायचं. आठ-दहा वर्षांचं मूल नातेवाइकांकडे पाठवलं, की पुन्हा दिसेल तेव्हा ते मिसरूड फुटलेलं असणार, हे आईला निघतानाच ठाऊक असायचं.

तरी यातली बरीच मुलं परत आली. ह्यूमसाहेबांच्या मागे त्यांच्या पत्नी हॅना मुलांना घेऊन अमेरिकेला गेल्या. मुंबईत जन्मलेला त्यांचा मुलगा रॉबर्ट ॲलन ह्यूम १८७४ मध्ये मिशनरी होऊन नगरला आला. पहिली पत्नी वारल्यानंतर त्याचं लग्न १८८७ मध्ये फेअरबँकांच्या केटीशी झालं. वडाळ्याचं काम फेअरबँकांच्या मुलाने पुढे चालवलं. बॅलंटाइन, फेअरबँक, ह्यूम: तीन घराणी एकमेकांत विणली गेली. एका पिढीने कमावलेली मराठी दुसऱ्या पिढीला आयती मिळाली, हा या सोयरिकींचा मोठाच फायदा.

पैशाची वाट

बंगला, शाळा, शिक्षकांचे पगार, औषधं यांना पैसा लागतो. तो कुणा एका श्रीमंताकडून यायचा नाही. अमेरिकेतल्या गावोगावच्या देवळांतून, बायकांच्या शिवण-मंडळांतून, मुलांच्या डब्यांतून थोडा थोडा गोळा व्हायचा आणि बोस्टनला जमायचा. देणाऱ्याला देत राहावंसं वाटावं म्हणून बोर्ड 'मिशनरी हेरल्ड' नावाचं मासिक काढायचं. त्यात मिशनऱ्यांची पत्रं छापून यायची.

म्हणजे वडाळ्याच्या ओसरीवर रात्री कंदिलाशी बसून लिहिलेलं पत्र हाही कामाचाच भाग होता. पत्र चांगलं, तर देणगी चालू. पण त्यामुळे पत्रांत एक खोट शिरायची. दुष्काळ, आजार, अंधश्रद्धा यांचं वर्णन ठळक व्हायचं. पंडितांनी काढलेल्या चुका, बायबलबाईंची मेहनत, गावाचं शहाणपण फिकं पडायचं. ही पत्रं आज इतिहासाचं साधन म्हणून वाचताना ती कुणासाठी लिहिली होती, हे विसरून चालत नाही.

मंडळी कुणाची?

'मंडळी' हा मराठी ख्रिस्ती लोकांचा जिव्हाळ्याचा शब्द. एखाद्या ठिकाणच्या श्रद्धावंतांचा एकत्र समुदाय, असा त्याचा अर्थ. फेअरबँक ज्या पंथाचे होते, त्या काँग्रिगेशनल पंथात तर मंडळी हीच सर्वोच्च. वर बिशप नाही. पाळक कोण, सभासद कोण, चुकला त्याचं काय करायचं, हे मंडळीने सभेत ठरवायचं. आपल्या ग्रामसभेची कल्पना काहीशी अशीच.

पण प्रत्यक्षात पैसा बोस्टनचा, बंगला साहेबांचा, शिक्षकाचा पगार साहेबांच्या हातून. मग सभेत साहेबांच्या विरुद्ध हात कोण वर करणार? चाकाचीच भाषा वापरायची तर तुंबा इतका जड झाला होता, की आऱ्यांना त्याच्याशिवाय उभं राहता येईना.

बोर्डाचे चिटणीस रूफस अँडरसन यांना हे खटकलं. १८५४-५५ मध्ये ते स्वतः भारतात आले, नगरलाही गेले. त्यांचं म्हणणं होतं, की मंडळी स्वतःच्या पैशावर चालावी, स्वतःचा कारभार स्वतः पाहावी आणि स्वतःच वाढावी. मिशनरी म्हणजे घर बांधताना लावलेला टेकू. स्लॅब पक्का झाला की टेकू काढायचाच. डिसेंबर १८५४ मध्ये नगरला हरिपंत खिस्ती आणि रामकृष्णपंत मोडक यांना पाळकपदाची दीक्षा देण्यात आली. मिशन मुंबईत आल्याला तेव्हा एकेचाळीस वर्षं झाली होती.

टेकू काढणं मात्र बोलण्याइतकं सोपं नव्हतं. कोरडवाहू मुलखातल्या मजुरी करणाऱ्या मंडळीने पाळकाचा पगार द्यायचा कशातून? रोख पैसा हाती नसायचाच. म्हणून धान्य, अंडी, कोंबडी, सुगीला पहिल्या पिकाचा वाटा अशी अर्पणं यायची. एक-दोन पावसाळे बुडाले की तेही थांबायचं. १८७६-७८ च्या दुष्काळात तर मंडळीच मदतीच्या धान्यावर जगली, आणि बंगल्याचं वजन पुन्हा वाढलं.

पैशात जे जमलं नाही, ते गाण्यात जमलं. अमेरिकन चालीवर मराठी शब्द बसवलेली गीतं मंडळी म्हणायची, पण त्यांत जीव नसायचा. १८६०च्या दशकापासून नगरकडच्या ख्रिस्ती कीर्तनकारांनी आपला घाट वापरायला सुरुवात केली: पूर्वरंग, उत्तररंग, टाळ, मृदंग, विषय मात्र येशूचा. कृष्णराव सांगळे यांचं नाव यात मोठं. इथे साहेब शिकवणारा नव्हता. श्रोत्यांत बसून ऐकणारा होता. पुढे १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेले नारायण वामन टिळक नगरला आले, आणि मराठी मंडळीला तिची स्वतःची गीतं मिळाली. त्याच टिळकांनी १९१७ मध्ये मिशनच्या नोकरीतून बाहेर पडून 'देवाचा दरबार' हा मिशनबाहेरचा ख्रिस्तभक्तांचा मेळा मांडला. अँडरसननी साठ वर्षांपूर्वी जे कागदावर मांडलं होतं, ते एका मराठी माणसाने पगार सोडून करून दाखवलं.

चौकट: थोडक्यात

• ठाण्यावर एक जोडपं. पगार कुटुंबाला एकच, काम दोघांचं.
• पहिलं वर्ष-दीड वर्ष मराठी शिकण्यात; पुस्तकी मराठी पंडितांकडून, बोलीभाषा घरातल्या आणि मंडळीतल्या माणसांकडून.
• गावातलं रोजचं काम स्थानिक शिक्षक आणि बायबलबाया करायच्या. जोडपं त्यांना शिकवायचं, पगार द्यायचं, फेरी मारायचं.
• पावसाळ्यात ठाण्यावर, हिवाळ्यात राहुटीत, उन्हाळ्यात काही आठवडे डोंगरावर.
• पैसा अमेरिकेतल्या छोट्या देणग्यांतून. त्यासाठी पत्रं लिहिणं हाही दिनक्रमाचा भाग.
• उद्दिष्ट स्वावलंबी मंडळी. अडसर पैशाचं परावलंबन.

आरे कुठे नोंदले?

तर सोमवार ते शनिवार साहेब काय करायचे? शिकायचे, हिशेब लिहायचे, भांडणं ऐकायचे, फिरायचे, पत्रं लिहायचे. मडमसाहेब शिकवायच्या, शिवायच्या, औषधं द्यायच्या, घर आणि बायबलबाईंचा कारभार एकत्र ओढायच्या. आणि यातलं जवळजवळ प्रत्येक काम कुणातरी मराठी माणसाच्या खांद्यावर हात ठेवूनच व्हायचं.

अमेरिकन मिशनच्या मंडळ्या आधी एका संयुक्त चर्चमध्ये आणि १९७० मध्ये 'चर्च ऑफ नॉर्थ इंडिया'मध्ये सामील झाल्या. जोडप्यांची पत्रं, चरित्रं, वार्षिक अहवाल अमेरिकेतल्या ग्रंथालयांत जपून ठेवलेले आहेत. नारायण वामन टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांच्या 'स्मृतिचित्रे'मुळे नगरच्या मिशनची दुसरी बाजू, आतून पाहिलेली, आपल्याला वाचायला मिळते. पण लक्ष्मीबाई एकच. जीभ वळवायला शिकवणारे पंडित, कंदील धरून पुढे चालणारा शिक्षक, दहा मैल चालत जाऊन वाचून दाखवणारी बायबलबाई यांच्याबद्दल एवढं तपशीलवार कुणी लिहून ठेवलेलं नाही.

नगर, सोलापूर, सातारा भागातल्या एखाद्या घरात आजीची पाटी-पुस्तकं, पणजोबांची शाळेची नेमणूक, मंडळीच्या सभेची जीर्ण वही, कीर्तनाच्या हस्तलिखित चोपड्या अजून असतील. त्या रद्दीत घालू नका. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा, आणि ते सांगतील ते तारीख-वारासकट लिहून घ्या.